बाबांच्या हृदयातला पंप

३ फेब्रु., नागपूर
झोप नाही. काल अँजिओप्लास्टीच्या टेबलावर बाबांचे हृदय बंद पडले. एक जण छाती दाबत होता आणि तेवढ्यातच डॉक्टरांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक पंप हृदयापर्यंत नेला. रक्त आता तो पुढे ढकलतो. हे सगळे नंतर त्यांनी चित्र काढून सांगितले.
माय एकच विचारते, "हृदय चालते का मशीन चालते?" डॉक्टर म्हणाले, दोन्ही, थोडे थोडे. मायला पटले नाही. मलाही.
काकांचा फोन लागेना. मेसेज टाकला: बाबांचे हृदय बंद पडले. आत पंप बसवला आहे. चूक नको म्हणून दोनदा वाचून पाठवला.

४ फेब्रु.
पंप लेव्हल आठवर, म्हणजे जोरात. बाबा औषधाच्या झोपेत. पाय सरळ राहिला पाहिजे, सिस्टरने बजावले. गुडघा जरा हलला की मी सिस्टरला हाक मारतो. चहाला खाली गेलो, अर्ध्यातून परत आलो. काही झाले नव्हते.

५ फेब्रु., गाव
कपडे न्यायला आलो. पुनर्वसनातल्या आमच्या गल्लीत सगळी जाळी कुंपणावर. धरणाच्या पाण्यावर एक डोंगा नाही. आम्हा ढिवरांत मयत झाली की अग्नी देईपर्यंत कोणी जाळे टाकत नाही. कोण गेले, असे काकूला विचारले, तर ती मला धरून रडायलाच लागली.
"काकू, बाबा हायेत!"
काका ओट्यावरून उठले. "काहून बे? हृदय बंद पडलं असं तूच त लिवलं!"
"खाली पंपाचं लिवलं होतं ना."
"वाचलं. पन हृदयच बंद, मंग मांगं काय रायलं? मशीन त मेलेल्याले बी लावून ठेवतेत. परवापासून मयतीची वाट पाहून रायलो."
लोक जमले. कोणीतरी विचारले, "मंग जाळे टाकाचे का नाही?" सगळे माझ्याकडे बघत. टाका म्हटले आणि तिकडे काही झाले तर? नका म्हटले तर मीच बाबांना गेलेले धरल्यासारखे.
टाका म्हणालो. भंडाऱ्यापर्यंत बसमध्ये फोन हातातच धरून होतो.

७ फेब्रु., नागपूर
बाबा जागे. गळ्यातली नळी निघाली. लेव्हल चार. जाळ्यांचे त्यांना सांगू नको, असे मला म्हणणाऱ्या मायनेच सांगून टाकले.
बाबांचा आवाज घोगरा. "मी जित्ता असून मासोळ्या सोडल्या? साल्याईनं भरून द्यावं म्हना!"
हसले. हसताना छाती दुखली. मॉनिटरच्या पडद्यावरचा आकडा हलला, सिस्टर धावत आली. मला बाहेर काढले. हसवले मायने, बाहेर मी.

८ फेब्रु.
लेव्हल दोनवर आणली, प्रेशर पडले. परत चार. डॉक्टर म्हणाले, हृदय अजून भार घेत नाही, उद्या पुन्हा बघू. पण पंप फार दिवस ठेवता येणार नाही, पायाला रक्त कमी पडते आहे. पाय हात लावून पाहिला. थंड.
उद्याही नाही जमले तर, असे मी त्यांना विचारले. "त्याचं उद्या बोलू." मायला फक्त 'उद्या पुन्हा बघू' एवढेच सांगितले.

९ फेब्रु.
बाबांनी विचारले, "आज काढतेत?"
"बघतेत. जमलं त काढतीन."
"अन् मंग?"
"मंग तुमचं तुमालेच चालवा लागते."
"पयलेबी मीच चालवत होतो ना बे."
माय त्यांचा थंड पाय दोन्ही हातांत धरून बसली होती. डॉक्टर आले, लेव्हल दोन केली, आम्हाला बाहेर जायला सांगितले. प्रेशर तासभर टिकले तर पंप काढणार.
बाहेरच्या बाकावर लिहितो आहे. दार अर्धे उघडे. इथून मॉनिटरचा पडदा दिसत नाही, बाबांच्या छातीवरची चादर दिसते.
माय विचारते, काय दिसून रायलं?
चादर हलते, म्हणालो.
थोड्या वेळाने परत विचारते.
हलते.