बाराव्या पाळीचे पाणी

प्रति,
मा. विभागीय जलअधिकारी,
ग्रामीण पाणीपुरवठा कार्यालय,
तिगमार्त.

विषय : तामसिल्त गावातील महिला गटाचा नळ बंद न करणेबाबत, तसेच नमुना क्र. ७ चे सील तोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ मार्चचे पत्र.

महोदय,

माराकेशला रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी गेल्या सप्टेंबरपासून आपल्या कार्यालयातर्फे तामसिल्त येथे पाणी तपासनीस म्हणून काम करते. गटाच्या यादीत बारा नावे आहेत, हयात महिला मात्र अकराच आहेत, आणि २० मार्चपर्यंत हद्दा ऊहम्मू यांचे नाव कमी न केल्यास नळाला कुलूप लागेल, असे आपण कळवले आहे. त्याबाबत वस्तुस्थिती सादर करते.

१. हा गट हाताने कुसकुस वळतो. परातीतल्या रव्यावर पाणी शिंपडत दाणा वळावा लागतो, आणि पाणी खारट असले तर तो कडवट होतो. विक्रीतून प्रत्येकजण दर आठवड्याला पेटीत सारखी रक्कम टाकते आणि जिची चिठ्ठी निघेल तिला पेटी मिळते. गटातल्या यामनाने त्यातून दोन शेळ्या घेतल्या. गटप्रमुख लल्ला तूदा यांनी अडुसष्टाव्या वर्षी चष्मा केला. सुनेचे काम आता नीट दिसू लागले, तेवढे वाईट झाले, असे त्या सांगतात. नळ गेला की हे सारे गेले.

२. नळापूर्वी गावाला जमिनीखालून येणाऱ्या जुन्या पाटाचे पाणी होते. २ नोव्हेंबरला मी पाटाच्या मुखाशी तपासणी केली, पाणी दूषित आढळले आणि मी तिथे लाल रंगाची फुली मारली. नळ दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. तो २१ तारखेला सुरू झाला. मधल्या दिवसांत बायका सहा किलोमीटरवरून पाणी आणत होत्या.

३. १३ नोव्हेंबरला हद्दा माझ्याकडे आली. वरच्या विहिरीतले पाणीही वाईट आहे का, असे तिने विचारले. ही विहीर म्हणजे पाट साफ करायला उतरतात ते अरुंद तोंड. मी म्हणाले, "मी फक्त खालचं तपासलंय. वरचं मला सांगता येणार नाही." शास्त्रीयदृष्ट्या हे उत्तर बरोबर होते. हद्दाला त्यात परवानगी ऐकू आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच वरच्या विहिरीत उतरली. कॅन दोराला बांधून तळाशी भरला, वर येऊन तो ओढून काठावर ठेवला आणि पाटाचा गाळ काढायला पुन्हा उतरली. तेव्हा माती ढासळली. तिला बाहेर काढायला दोन दिवस लागले. तेवढा वेळ कॅन काठावर भरलेलाच होता.

४. नियमानुसार मी तो कॅन ताब्यात घेऊन कार्यालयाच्या शिशाच्या सीलने बंद केला. हाच नमुना क्र. ७. सील करण्यापूर्वी थोडे पाणी काढून तपासले. ते स्वच्छ होते.

५. आमच्याकडे पाण्यातला वाटा माणसाबरोबर संपत नाही. मेलेल्याचे भांडे पाण्याकाठी पालथे घातल्यावरच त्याची पाळी संपते. हे मला लहानपणापासून माहीत होते. तरीही कॅनवर चिठ्ठी चिकटवताना आठवले नाही.

६. नळावर प्रत्येकीची अर्ध्या तासाची पाळी असते. बारावी, साडेअकरा ते बारा, नळ सुरू होण्याआधीच हद्दाच्या नावे ठरली होती. त्या वेळी नळाजवळ कोणी जात नाही. तरीही मीटर रोज अठरा लिटर पुढे सरकतो. मी जोड तपासले, मीटर बदलला, पुढची झडप बंद केली. नऊ दिवस स्वतः बसून पाहिले. नळ बंद, खालची माती कोरडी, आणि काटा फिरत होता. हद्दाच्या कॅनवर वीस लिटर छापलेले आहे, पण एका बाजूला पोचा असल्यामुळे त्यात अठराच मावतात. हे मोजमाप माझे आहे.

लल्ला तूदांना मी हे सांगितले तेव्हा त्या रवा चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "मेली म्हणून तहान थांबते का, पोरी? तुझ्या यंत्राला कळलं, तुला नाही कळलं."

७. आपल्या निरीक्षकांनी ही पाणीचोरी ठरवली आणि यामनावर संशय घेतला. मेलेली बाई पाणी भरते काय, असे त्यांनी तिला सर्वांसमोर विचारले. यामना म्हणाली, "जिवंत होती तेव्हा तुम्ही भरू दिलं नाही, साहेब. आता ती कुणाला विचारेल?" हे उत्तर उद्धट असल्याची नोंद अहवालात आहे. ते चुकीचे असल्याची नोंद नाही.

८. कॅन पालथा घातल्याशिवाय बायका हद्दाचे नाव खोडणार नाहीत. कॅन आपल्या सीलखाली आहे, आणि आपल्या लेखी आदेशाशिवाय मला सील तोडता येत नाही. म्हणजे तिला यादीत कार्यालयानेच ठेवले आहे.

तरी विनंती की सील तोडण्याचा आदेश २० मार्चपूर्वी द्यावा आणि तोवर नळ बंद करू नये. आदेश मिळताच नमुन्याचे पाणी दुसऱ्या भांड्यात काढून कॅन साडेअकरा वाजता नळाखाली ठेवला जाईल. तो लगेच पालथा घालायला लल्ला तूदा तयार नाहीत. त्या म्हणतात, "आधी तिला एकदा भरू दे. रिकाम्या हातानं नाही पाठवायची." त्यानंतर तो पालथा घातला जाईल. ते काम बायकांनी मला सांगितले आहे. मी नाही म्हटलेले नाही.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

इत्तो आयत लहसेन
पाणी तपासनीस, तामसिल्त
दि. ११ मार्च

सोबत :
१. गटाची यादी. अकरा अंगठे, बारावी जागा कोरी.
२. मीटरच्या रोजच्या नोंदी.
३. वरच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल : पिण्यास योग्य.
४. नमुना क्र. ७ ची वजननोंद. वजनात फरक नाही, सील शाबूत आहे. रोज बारा वाजता कॅनची मूठ ओली असते. कारण नमूद करता आलेले नाही.