आईच्या लुगड्याचं टोक

भिंगार,
१२ नोव्हेंबर १९७१

तीर्थस्वरूप लंकाआक्कास, धाकट्या छबूचा सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून आल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणते आणि राग आला की पत्र बाजूला ठेवते. आज राग आहे तसाच ठेवून लिहिते. माहेरच्या अंगणात वहिनीनं अनारसं हातात धरलं आणि म्हणाली, जी आधी लिंबाच्या झाडाला शिवेल तिला हे. तुझी चांगुणा शिवून, परत येऊन, खाऊनसुद्धा मोकळी झाली, आणि माझी बनू अर्ध्या वाटेत मटकन बसली. सगळे हसले. तू सगळ्यांत जास्त हसलीस. वर म्हणालीस, ही पोर महालक्ष्मी बसवल्यागत बसते.

दोघी साडेचार वर्षांच्या, त्यात माझी पंधरा दिवसांनी मोठी. खरं सांगते, तुझ्या पोरीच्या पायांचा मला हेवा वाटला. नगर येईपर्यंत एसटीत जळफळत होते.

इथं आल्यावर बनूला डॉक्टरांना दाखवलं. चार पावलं पळाली की तिला धाप लागते. रोग काही नाही म्हणाले. पोरीला हुंदडू द्या, नाहीतर पाय असेच काटक्या राहतील, उद्या शाळेची वाटसुद्धा झेपायची नाही. कुठं हुंदडू द्यायचं ते नाही सांगितलं. दहा बाय दहाची खोली, त्यात खाट, स्टोव्ह आणि माझं विड्या वळायचं सूप. गॅलरीत बारा बिऱ्हाडांच्या बादल्या. पोर जरा धावली की खालचे म्हातारबुवा काठीनं छत ठोकतात. जिना उतरलं की लष्कराच्या गाड्या. आमच्याकडे गप बसेल तीच पोर गुणाची. बनूइतकी गुणाची पोर चाळीत नाही असं बायका म्हणायच्या आणि मी फुगायचे.

हे म्हणतात, तिला चार महिने आक्कांकडे ठेवू. मी नको म्हटलं. तुझ्या दारात माझी पोर पळायला शिकलेली मला बघवायची नाही.

दाजींना नमस्कार. पत्र रागाचं असलं तरी माया पातळ करू नकोस.

तुझी छबू


मिरजगाव,
२० नोव्हेंबर १९७१

चि. सौ. छबूस लंकाचा आशीर्वाद. वि. वि.

नको नको म्हनून लिवलंस, म्हंजी आक्का, तूच तिला ये म्हन, असंच की गं. तुला काय मी आज वळखते व्हय? हसले ते चुकलं माझं.

पन हेवा काय तुझ्या एकटीच्याच वाट्याला आलाय? तुझ्याकडं नळ हाय. मी हिरीवरनं हंडं वाहून वाहून कमरंत वाकले. तुझ्याकडं बटन दाबलं की उजेड. तुझी ती नायलॉनची साडी बगून मी वहिनीपाशी तुला नावं ठिवली, आता सांगून टाकते. आन् आई गेल्यावर तिचं हिरवं लुगडं तुला मिळालं, मला न्हाई, ते तर मी अजून इसरले न्हाई. वर तुझी पोर कशी शानी, गप बसती! आमची दिसभर शेरडामागं, गुडघं फुटल्यालं. बनूचं नाव घिऊन म्या चांगुनाला कितीदा बदडलीया.

पोरीला धाड. हितं छत ठोकाया कुनी न्हाई.

आईनं दोघींस्नी भाकरी अर्धी-अर्धीच दिली, त्येवढं ध्यानात ठिव.

तुझी आक्का


भिंगार,
६ डिसेंबर १९७१

तीर्थस्वरूप आक्कास सा. न. वि. वि.

लढाई लागली. गाड्यांची रांग तुटत नाही, काचांना काळे कागद लावलेत. ह्यांना लष्कराच्या डेपोतून कशीबशी एक दिवसाची रजा मिळाली, म्हणून बनूला आणि हे पत्र ह्यांच्याच हाती पाठवते. तू जिंकलीस.

तिच्या गाठोड्यात आईचं हिरवं लुगडं आहे. तुला द्यायला नाही पाठवलं. ते जवळ असलं की ती रडत नाही. काढून घेऊ नकोस आणि का म्हणून विचारू नकोस. तिला वरण पातळ लागतं. आणि मावशी म्हणायला शिकव, दुसरं काही नको.

पोरीवर जीव लाव, पण माझ्यापुरता थोडा बाजूला ठेव.

छबू


मिरजगाव,
२२ डिसेंबर १९७१

छबूस आशीर्वाद. कसला आशीर्वाद!

पयल्या दिशी खुरपं घिऊन निघाले आन् बनूला म्हनलं चल रानात. पोर खाटंच्या खुरापाशी बसलीवती. लुगड्याचं एक टोक तिनं खुराला गुंडाळलं हुतं, दुसरं माझ्याम्होरं धरलं. मावशी, कामाला जातीस तर मला बांधून जा, असं म्हनली. हसून म्हनली गं!

लुगडं उलगडून बगितलं. दोनी टोकांना गाठींचं वळ. आईच्या लुगड्याला, छबू! ज्याच्यापायी मी तीन वरसं धुसफुसले, त्येचं तू पोरीला दावं केलंस? आमी जनावराला बी चराया सोडतो. अंगनात सोडली तरी पोर लुगड्याच्या लांबीयेवढंच जाती आन् आपल्या आपन मागं वळती.

पंधरा दिस पत्र लिवलं न्हाई, कारन मनात आलं की ही पोर तुला द्यायचीच न्हाई. काय ते खरं लिव, न्हाईतर माझ्या दारात येऊ नगंस.

आक्का


भिंगार,
३ जानेवारी १९७२

तीर्थस्वरूप आक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही. ह्यांनाही ठाऊक नाही. ते कामावर गेले की बांधायची, यायच्या आत सोडायची.

बनू पळायची, आक्का. दोन वर्षांची होती तेव्हा तुझ्या चांगुणाहून जोरात पळायची. एकदा मी नळावर गेले आणि ती जिना उतरून रस्त्यावर. लष्कराची गाडी तिच्यापासून दोन हातांवर करकचून थांबली. शिपायानं पोर माझ्या कडेवर दिली आणि मला नाही नाही ते बोलला. दुसऱ्या दिवशी बांधली. म्हटलं, चार दिवस. ती रडली नाही म्हणून पाचव्या दिवशीही बांधली. आईचं लुगडं घेतलं, कारण ते मऊ, काचायचं नाही. पुढं पुढं टोक तीच आणून द्यायला लागली. अडीच वर्षं झाली.

अनारशाच्या वेळी सगळे हसले तेव्हा ती तिथंच का बसली ते मला एकटीला कळलं होतं. लुगडं तिथं संपतं.

आता तू चांगली आणि मी कसाई. मी केलेलं तू निस्तरणार आणि पोर तुला आई म्हणणार. माझा नुसता संताप होतो तुझ्यावर. तरी शिकव तिला.

शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

छबू


मिरजगाव,
१४ फेब्रुवारी १९७२

चि. छबूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून चुलीपाशी लई रडले. बया, माझी चांगुना गाडीखालनं वाचली असती तर म्या काय केलं असतं, द्येवाला ठावं.

युक्ती तुझ्या दाजींची. लुगड्याला बैलाचा कासरा जोडला, आन् आठ दिसांनी अजून एक. आधी अंगनापातुर, मंग गोठ्यापातुर, मंग खळ्यापातुर. कमरंला टोक हाय म्हनून पोर बिनघोर जायची. परवा खुराकडची गाठ म्या गुपचूप सोडली. चांगुना शेरडामागं पळाली, बनू तिच्यामागं, लुगडं आन् कासरं धुळीत फरफटत. खळं वलांडल्यावर तिनं वळून बगितलं. सुटं टोक दिसलं. मला वाटलं, बसती आता. न्हाई बसली. कमरंचं फेडलं आन् पुन्यांदा पळाली.

आता मला मोठी आई म्हन्ती. लई ग्वाड वाटतं. तुझ्यापासनं लपवायचं कशाला?

तब्येत संभाळ, माझ्यावर जळायला तरी अंगात बळ पायजे.

आक्का


भिंगार,
२१ फेब्रुवारी १९७२

तीर्थस्वरूप आक्कास सा. न.

मोठी आई हे दोन शब्द वाचून तुझं पत्र चुरगाळलं आणि परत सरळ केलं. ह्यांना सगळं सांगितलं. दोन दिवस डबा नेला नाही. मग म्हणाले, कामावर जायच्या आधी मी तिला रोज मैदानावर नेईन. मी म्हटलं, संध्याकाळी मी विड्यांचं सूप घेऊन तिथंच बसेन.

येत्या रविवारी तिला न्यायला येते. पण मी समोर उभी राहिले आणि ती तुझ्या पदराआड लपली, तर मी तिला तुझ्याकडेच ठेवून परत फिरेन. एवढं ठरवून निघते आहे.

छबू


मिरजगाव,
२ मार्च १९७२

चि. छबूस आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचं कार्ड मिळालं. तुझ्याम्होरं बोलले न्हाई ते आज लिवते.

तू सडक सोडून बांधावर आलीस तवा आमी खळ्यावर हुतो. तू हाक बी मारली न्हाईस, पिशवी धरून नुसती उभी. बनूनं तुला बगितलं. मी दोनी हात पसरून तिच्या वाटंत उभी राहिले. खोटं न्हाई लिवत. वाटलं, माझ्या पदराआड यावी. तू परत फिरावीस, असं बी वाटलं. पोर माझ्या हाताखालनं निसटली आन् ढेकळं तुडवत, कुटं न थांबता, पार तुझ्यापातुर गेली. चांगुनाला बी घावली न्हाई. मागं वळून एकदा बी बगितलं न्हाई तिनं. त्ये मागं बगायचं म्याच सोडवलं हुतं की.

तू रडत हुतीस म्हनून तुला दिसलं न्हाई, मी किती येळ तसेच हात पसरून उभी हुते. उभ्या जल्मात तुझा इतका हेवा मला वाटला न्हाई. नळाचा न्हाई, साडीचा न्हाई.

जाताना आईचं लुगडं माझ्या हातात ठिवलंस. धुतलं, दोरीवर टाकलं, वळ काय जाईनात. ज्याच्यासाठी जीव टाकला त्ये घरात आलं, आन् काल रानात निघताना बगते तर माझी नजर खाटंच्या खुराकडं. पोर हितं असती तर म्या बी बांधली असती.

उन्हाळ्यात पोरीला धाड. पळत येऊ दे. जाताना बी पळतच जाईल, त्ये मी सोशीन.

तुझ्यावर जळनारी, पन तुझीच,
आक्का