नळी आतून स्वच्छ आहे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मी सध्या उताणा आहे आणि पालथं व्हायला मनाई आहे, तेव्हा नमस्कार पाठीच्या बाजूने पोचला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही ते तो हवेच्या माथी मारतायत? इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सोमवारी माझी छाती उघडणार आहेत.

घाबरू नकोस. घाबरायचं काम मी इथे मन लावून करतोय, त्यात मदतनीस नको. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. मी लांबच्या एका मोठ्या इमारतीच्या नळकामावर गेलोय असंच तिला सांगितलंय, आणि तिने नेहमीप्रमाणे एवढंच विचारलं, की तिथे सावकाश जेवू देतात का.

सावकाश जेवण्यावरूनच तर हे सगळं रामायण. तुमची ताटं धुऊन पालथी पडायची तेव्हा माझा तिसरा घास घशाशी अडून बसलेला असायचा. रवंथ्या हे नाव तूच ठेवलंस आणि लग्नानंतर माझ्या बायकोला आंदणही दिलंस. (ती आजही वापरते. इथल्या नर्ससमोरसुद्धा.) आई तेवढी शेवटचा घास उतरेपर्यंत समोरून हलायची नाही, माझ्या गळ्याकडे बघत बसायची. मला वाटायचं, मी लाडका आहे. मोठेपणी एका डॉक्टरने पित्त सांगितलं, दुसऱ्याने दमा, तिसऱ्याने स्वभाव. स्वभावावरच्या गोळ्या सगळ्यात कडू होत्या. दोनदा घशातून कॅमेराही सोडला, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, की नळी आतून स्वच्छ आहे, काही अडकलेलं नाही.

आता माझ्या अकलेचं कौतुक ऐक. मागे एका बाईंच्या मोरीचं पाणी तुंबायचं. मी तार घातली, ती सरळ पार गेली, पाइप स्वच्छ. पुन्हा घातली, पुन्हा स्वच्छ. शेवटी वैतागून फरशी उखडली, तर गवंड्याने नव्या भिंतीचा सगळा भार पाइपावर टेकवून तो चपटा केलेला. दोष आत नव्हताच, बाहेरून दाब होता. त्या गवंड्याला मी जे बोललो ते बहिणीला लिहिण्यासारखं नाही. आणि एवढा शहाणा झालेला मी घरी येऊन स्वतःच्या प्रत्येक घासावर तुंबलेल्या मोरीसारखं गरम पाणी ओतत राहिलो. पन्नाशी उलटली तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाश पाडला तो इथल्या सर्जनने. त्याने छातीचा स्कॅन काढून पडद्यावर दाखवला. सगळ्यांची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य लाइन, कमान करून डावीकडे वळते. माझी जन्मापासून उजवीकडे वळलीय. मग डाव्या हाताला जाणारी शाखा काय करील बिचारी? ती अन्ननलिकेच्या मागून वळसा घालून गेलीय, पुढून एक दोरीसारखा बंध आलाय, आणि या सगळ्याच्या विळख्यात माझी अन्ननलिका, शिवाय तिच्या पुढची श्वासनलिकाही. त्यात त्या शाखेच्या बुडाशी फुगा आलाय, तो वाढत चाललाय. मी विचारलं, हे काम पास कोणी केलं? सर्जन हसला नाही. फुगलेला भाग काढून तिथे कृत्रिम नळी बसवायची, बंध तोडायचा आणि हाताची शाखा उचलून मानेतल्या वाहिनीला जोडायची, असा त्याचा बेत आहे. मी जोडावर शंका काढल्या, पाकिटाच्या मागे आकृतीही काढून दिली. त्याने ती शांतपणे बघितली आणि विचारलं, तुम्ही काम करताना लाइन बंद करता ना? मला ती सोय कमी आहे.

मी पाकीट परत घेतलं. प्रकार दुर्मिळ म्हणून शिकाऊ डॉक्टर रोज बघायला येतात. एवढी प्रसिद्धी मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि ज्या गोष्टीने मिळाली तिच्यात माझी मेहनत शून्य. हात लुळा पडू शकतो, आवाज बसू शकतो आणि जीवही जाऊ शकतो, हे सर्जनने ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात मी गिऱ्हाइकाला सांगतो की फरशी फुटू शकते. न करावं तर फुगा कधी फुटेल याचा नेम नाही. मला भीती वाटते, ताई. बायको आली की मी तिच्याशी घरातल्या गळक्या टाकीबद्दल बोलतो.

तू येऊ नकोस. गुडघा सांभाळ. माझं मागणं काही नाही.

तुझा,
रवंथ्या

ता.क. मी परत आलो नाही तर माझी हत्यारं भावोजींच्या हाती लागू देऊ नकोस. ते तुमचा नळ दुरुस्त करायला बसतील.

ता.क. आणखी एक. मागणं नाही असं वर लिहिलंय, ते खरं नाही. घरात कोणी लहानपणी गेलं होतं का, असं सर्जनने विचारलं. मी आपल्या दोघांच्या आधीच्या भावाबद्दल सांगितलं, जो दूध पिता पिता आईच्या मांडीवर गेला. त्याचा श्वास घरघरायचा का, पिताना तो निळा पडायचा का, असं त्याने विचारलं. दोन्ही खरं आहे, आईच सांगायची. तो म्हणाला, त्यालाही हेच असू शकेल, काही घरांत एकाहून जास्त मुलांना असतं, पण आता नक्की सांगता येणार नाही. पाजताना तुझाच डोळा लागला असेल, असं आत्या तेव्हा आईला म्हणाली होती, आणि आईने ते आजवर खोडून काढलेलं नाही. तिला सोमवारच्या आधी सांग. त्यापायी माझं दुखणं सांगावं लागलं तरी चालेल. पण ते ‘असू शकेल’ वगैरे मध्ये घालू नकोस. डॉक्टर नक्की म्हणाले असं सांग. तिला सांग, आई, तुझा डोळा लागला नव्हता.