पाटचौरंग डॉट कॉम

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

नावाला गिऱ्हाईक आलं! माझ्या स्वतःच्या नव्हे — पाटचौरंग डॉट कॉमला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले इसराणीशेठ. दोन मजली दुकान आहे, आता ऑनलाइन विकायचंय. फोनवर म्हणाले, "मॅडम, वो नाम बेचना है क्या?" वर आकडाही सांगितला. मी आवाज एकदम थंड ठेवला. "विचार करावा लागेल." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

२००३ साली घेतलं होतं हे वेबसाइटचं नाव. कॉलेजात होते. अंबरनाथला सायबर कॅफेत बसून, क्लासच्या मुलांना शिकवून मिळालेल्या पैशांतून. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सुतारकामाचं दुकान तेव्हा जोरात चालायचं — पाट, चौरंग, देव्हारे. अख्खी आळी हसली होती. सुताराला कशाला हवी वेबसाइट म्हणे! पुढे अण्णांचे हात थरथरायला लागले आणि सहा वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. साइटही उतरवली. पण नाव मी सोडलं नाही. दर वर्षी न चुकता पैसे भरले. कुणी थोपटत नाही तर आपली पाठ आपणच थोपटावी.

४ सप्टेंबर

अभिजीतला फोन केला. धाकटा भाऊ, पण अक्कल शिकवण्यात थोरला. "ताई, रिकामं नाव आहे ते. देतोय तेवढ्यात देऊन मोकळी हो." रिकामं काय रिकामं! इथे बदलापूर गावात खडकाळ गुंठासुद्धा नुसता धरून ठेवला तरी सोनं होतो. हे तर बावीस वर्षांचं नाव. जुन्याला भाव असतोच. मी दुप्पट मागणार.

पैशासाठी जीव टाकत नाहीये मी. अण्णा माझ्याकडे राहायला आल्यापासून दिवसभर गॅलरीत बसून असतात. बोलणं जवळजवळ बंदच. यंदा गणपती बसले त्या दिवशी म्हणाले, "एवढी वर्षं लाकूड कापलं, मागं काय राहिलं? भुसा." तेव्हापासून डोक्यात बसलंय माझ्या. त्यांच्यापुढे आकडा ठेवायचाय. हे बघा, तुमच्या दुकानाच्या नुसत्या नावाची ही किंमत.

५ सप्टेंबर

ऑफिसातून लवकर निघून शेठकडे गेले. बावीस वर्षांचं नाव आहे, म्हणून दुप्पट — ठणकावून सांगितलं. शेठ म्हणाले, "पुराना है तो क्या हुआ? अचार है क्या मॅडम?"

त्यांचा पुतण्या लॅपटॉप उघडून बसला होता. चांगलं मराठी बोलतो. म्हणाला, "नुसत्या वयाला कोणी पैसे देत नाही. नाव सोपं हवं, आणि त्या पत्त्यावर आजही माणसं येत असली तर भाव. तुमची साइट सहा वर्षं बंद आहे. कोण येणार?"

माझा पारा चढला. म्हटलं, येतात की नाही दाखवतेच. एक पान टाकते, त्यावर माझा नंबर. फोन आले तर दुप्पट. शेठ हसले. "मंजूर. लेकिन सौदा घटस्थापनेला. पितृपक्षात मी साधं पेनसुद्धा घेत नाही." मीही मान डोलावली. आपल्याकडे तरी कोण घेतं!

८ सप्टेंबर

काल रात्रीच पान चढवलं. आज कॅलेंडर बघते तर पितृपक्ष सुरू. या पंधरवड्यात नवा चौरंग कोण घेणार आहे, कपाळ! शेठ का हसले ते आत्ता कळलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

१० सप्टेंबर

एकही फोन नाही. अभिजीतने दात दाखवणारा इमोजी पाठवलाय. गाढव.

१२ सप्टेंबर

फोन आला! शहाडच्या कमळाबाई. "तुमचा चवरंग हाय आमच्या घरान. पाय हालतंय. नवरात्रीला घट बसवाचाय ना."

मी म्हटलं, दुकान कधीच बंद झालं हो. तर म्हणतात, "आवो, पन खाली लिवलंय ना!" घासायला चौरंग उलटा केला, खाली पत्ता दिसला, नातवाने तो मोबाइलवर टाकला, तर माझा नंबर. मी फोटो मागवला.

चौरंगाच्या पोटाशी, तापल्या सळईने डागलेली इंग्रजी अक्षरं — पाटचौरंग डॉट कॉम. त्याखाली मराठीत: पाय हलला तर आणा.

फोटो घेऊन गॅलरीत गेले. "अण्णा, हे प्रत्येक चौरंगाखाली आहे?"

"मग! तू स्वतःचे पैसे घालून नाव आणलंस. कुठंतरी लावायला नको?"

म्हणजे सोळा वर्षं हे माझं नाव डागत होते आणि मला पत्ता नाही. त्यांच्यासमोरच रडले. अण्णा बावरले. "अगं, चुकीचं लिहिलंय की काय?"

१४ सप्टेंबर

आणखी फोन. उल्हासनगर, अंबरनाथ, एक थेट नाशिकहून. सगळे दुरुस्तीचे! नवं घ्यायचं नाही, पण घट बसायच्या आत जुनं धड करून घ्यायला पितृपक्ष आड येत नाही. मी प्रत्येकाला "बघते" म्हणते. कोण करणार आहे?

१७ सप्टेंबर

मी केलं. कमळाबाई चौरंग मांडीवर घेऊन रिक्षातून दारातच उतरल्या, काय सांगणार! अण्णांच्या हातात लाकूड तासायची पटाशी राहत नाही. मग ते बोलत होते आणि मी पायाच्या खाचेत ठोकायची पाचर तासत होते. "हळू. लाकूड आहे ते, कीबोर्ड नाही." पहिली पाचर बारीक झाली, दुसरी फुटली, तिसरी बसली. कमळाबाईंनी चौरंग जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहिला. हलला नाही! अंगठ्याला फोड आलाय, तो ऑफिसात सगळ्यांना दाखवणार आहे.

अण्णा जेवताना सागवान आणि शिसव यावर इतकं बोलले की आमटी गार झाली.

२० सप्टेंबर

शेठकडे गेले. पुतण्याला फोनची यादी दाखवली, चौरंगाचा फोटो दाखवला. तो चाटच पडला. शेठनी दुप्पट कबूल केली, वर चहाही मागवला. जिंकले!

मग मी अट सांगितली. हा पत्ता बघून कोणी मोडका चौरंग आणला तर तुमच्या दुकानात दुरुस्त करून द्यायचा. शेठनी कप खाली ठेवला. "मॅडम, नाम चाहिए. नाम की जिम्मेदारी नहीं." खरं बोलले. त्यांचा राग नाही आला.

अभिजीत म्हणतो, सही कर, वेडेपणा करू नकोस. घरी येऊन अण्णांना आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा विचारला. दुसऱ्यांदा मान जरा वर करून. मग म्हणाले, "तू घेतलेलं नाव आहे. तुझं तू ठरव."

२२ सप्टेंबर, घटस्थापना

शेठना नाही म्हणून सांगितलं. पुतण्याने तिथल्या तिथे दुसरं कोरं नाव घेतलं. आपल्या नावाचे मी एकदम दहा वर्षांचे पैसे भरले आणि अण्णांना सांगितलं.

"किती वर्षांचं झालं म्हणालीस ते?"

"बावीस."

"मग कामाला लागायचं वय झालं की त्याचं," म्हणाले. आणि विचारलं, रंधा कुठे ठेवलायस?