समाधान कॉलनीचं वळण

७ मार्च, शुक्रवार

आलो एकदाचे! कपाट उतरवताना एक पाय मोडला (कपाटाचा, टेम्पोवाल्याचा नव्हे). शेगडी कुठल्या पोत्यात गेलीय ते देवालाही ठाऊक नसेल. शिवानीनं रिकाम्या खोल्यांत ओरडून आवाज कसा घुमतो ते बघायचा सपाटा लावलाय. पोरगी आठ वर्षांची, पण गळा लाऊडस्पीकरचा. गडहिंग्लजला आमची गल्ली तिला भोंगा म्हणायची. म्हटलं, ओरड बाई, आज घर तुझं.

कळंब्याच्या पुढे ही समाधान कॉलनी. एका ओळीत छोटे छोटे बंगले, समोर गुलमोहर, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. संघर्षची नोकरी वारणानगरला, शिफ्टची, म्हणून तो रविवारचा नवरा. माझी लॅब सकाळची, शिवानीची शाळाही सकाळची. दुपार आम्हा मायलेकींची.

याआधी जी घरं बघितली ती आडनाव सांगितलं की नेमकी 'कालच गेलेली' असायची. इथं कुणी काही विचारलं नाही. हॉलमध्ये पहिला खिळा बाबासाहेबांच्या फोटोसाठी ठोकला. मागं वळते तर शेजारच्या आक्का दारात उभ्या. पिकलेले केस, कडक इस्त्रीचं लुगडं. वाटलं, गेलं हेही घर. तर म्हणतात, फोटो झ्याक हाय, जरा डावीकडं कललाय बघा! मी सरळ केला आणि कितीतरी वेळ एकटीच हसत होते.

९ मार्च, रविवार

आज इथली एक रीत बघितली. नवं बिऱ्हाड आलं की प्रत्येक घरातली बाई मूठभर जोंधळ्याचं पीठ घेऊन येते. नव्या घरच्या परातीत ते सगळं एकत्र मळायचं आणि नव्या घरच्याच तव्यावर एक मोठी भाकरी थापायची. पहिला घास घरच्या बाईनं खायचा, मग बाकीच्यांनी. समोरच्या घरातली निशिगंधा मळायला बसली. आमच्या आधी शेवटचं बिऱ्हाड तिचंच आलेलं. बोलते इतकी हळू की कान पुढं करावा लागतो.

त्या सगळ्याजणी माझ्या तव्यावरची भाकरी खात होत्या. माझ्या आईच्या ओंजळीत लोकांनी आयुष्यभर वरून पाणी ओतलं. मी भांडी धुवायच्या निमित्तानं मोरीकडं वळले आणि रडून घेतलं.

नियम काय आहेत, सेक्रेटरी कोण, असं विचारल्यावर आक्का हसल्या. आमच्यात कुणी कुणाला सांगत न्हाय, भाकरी खाल्लीसा न्हवं, आता तुमचं घर तुमीच बघायचं, म्हणाल्या. मला हे फार आवडलं. संघर्षनं चिडवलं, बघ, जग तुला वाटतं तेवढं वाईट नाही.

रात्री मात्र शिवानीला जवळ घेऊन बजावलं, इथं हळू बोलायचं. आपलं एकच घर आहे इथं. तू आरडाओरडा केलास तर शिवानी ओरडते असं कुणी म्हणणार नाही, ही माणसं अशीच, असं म्हणतील. तिनं विचारलं, कुठली माणसं? मी झोप म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार

कुणीतरी गुपचूप माझं घर आवरतंय! दारातल्या चपला ओळीनं लागलेल्या. दोरीवर आतले कपडे साड्यांच्या मागं सरकवलेले. कुंड्या एका रेषेत. हे सगळं दुपारी होतं. जेवणं झाली की अख्खी कॉलनी झोपते. मला दुपारच्या झोपेची सवय नाही, पण इथं पाठ टेकली की डोळे मिटतात.

आक्काच असणार म्हणून वाटीभर गाजरहलवा देऊन आले. त्यांनी हलवा घेतला, पण कानावर हात ठेवले. आमी कशाला कुणाच्या घरात शिरू, म्हणाल्या. असो. आयतं आवरून मिळतंय, तक्रार कुणाला?

१७ मार्च, सोमवार

आता घराच्या आतलंही आवरलं जातंय. दोन्ही दारांना आतून कडी असताना. भिंतीवर चिकटवलेली शिवानीची चित्रं निघाली, घडी करून कपाटात गेली. सगळे डाव-झारे एका दिशेला तोंड करून टांगलेले.

आणि शिवानी गात नाही. भोंगा बंद. डॉक्टर म्हणाले घसा स्वच्छ आहे. गालांवर लाल वळ आहेत, दोन्ही बाजूंना. शाळेत कुणी मारलं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

दुपारी उठले तर हॉलमधला खिळा रिकामा. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, सगळ्यात खाली, पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेला.

माझं डोकं फिरलं. रस्त्यावर जाऊन बोंबलले. कोण शिरतंय माझ्या घरात? हिंमत असेल तर समोर या! बायका दारांत आल्या. नुसत्या बघत राहिल्या, मयताच्या घरच्यांकडं बघतात तसं. शिवी चालली असती.

नंतर निशिगंधा आली. तिचा नवरा पिराजी मुका आहे असं मी समजत होते. तो मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारायचा म्हणे, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. इथं आल्यावर महिन्याभरात तो आवाजच गेला. कोण करतं हे, मी तिला गदागदा हलवून विचारलं. ती कुजबुजली, कोण म्हंजे? आमी कोण सांगनार तुमाला? लोकांना काय खपत न्हाय ते तुमालाच ठावं हाय की. जिनं भाकरी खाल्ली, तीच बघती.

मी तिला हाकलून दिलं. फोटो पुन्हा खिळ्यावर लावला.

२१ मार्च, शुक्रवार

दोन्ही दारांपुढं, खिडक्यांखाली, सगळ्या फरशीवर पीठ पसरलं. बघू कोण येतंय. मग आडवी झाले.

उठले. दारापुढचं पीठ जसंच्या तसं. खिडकीखालचंही.

पावलं होती ती माझ्या अंथरुणापासून हॉलपर्यंत. तिथून शिवानीच्या अंथरुणापर्यंत. आणि परत माझ्यापर्यंत. माझे तळवे पांढरे.

फोटो ट्रंकेत.

शिवानीजवळ बसले. तिच्या गालावरच्या वळांवर माझी बोटं ठेवली. चारही बसली. अंगठा पलीकडच्या गालावर. मधे तिचं तोंड.

तिला विचारलं, मी का गं? तिनं मान डोलावली. रोज जागी असायची पोर. मग आधी का नाही सांगितलंस? ओठ माझ्या कानाला लावून म्हणाली, तू रडत होतीस, म्हणून मी ओरडले नाही.

काय करून बसले मी हे! कुणीही मला काही म्हटलेलं नाही. या रस्त्यावर एक माणूस वाकडं बोललेला नाही. आणि मी—

२२ मार्च, शनिवार. सकाळ

लॅबला दांडी. शिवानीला घेऊन थेट स्टँडवर गेले. गडहिंग्लजची गाडी लागलेली. पाटी बघून शिवानी हसली. किती दिवसांनी! खळखळून, मोठ्यानं. लोकांनी माना वळवल्या.

माझा हात उठला. जागेपणी. भर गर्दीत. कंडक्टरनं मनगट धरलं, ओ ताई, काय करतायसा, लेकरू गुदमरंल की! तेव्हा कळलं हात कुठं होता ते.

कॉलनी सोडून उपयोग नाही. जिथं चार माणसं बघतील तिथं—

माझ्याजवळ तिला ठेवायचं नाही, एवढंच आता. पण तिला एकटीला गाडीत कसं बसवू? संघर्षला फोन केला. आधी हसला, मग माझं रडणं ऐकलं. निघतोय म्हणाला, दुपारपर्यंत पोचतो, शिवानीला घेऊन जातो. परत आलो.

दुपार

मी आतल्या खोलीत. कडी बाहेरून. शिवानीनंच लावली, स्टुलावर चढून. तिला सांगितलंय, पप्पा येईपर्यंत उघडायची नाही. मी रडले तरी नाही. गोड बोलले तरी नाही. तिनं शपथ घेतली.

ती पायरीवर बसलीय. आवाज येतोय तिचा. गातेय! शाळेतलं कुठलंतरी गाणं, बेसूर, भोंगा पूर्ण उघडून. गा माझ्या बाळा. गा.

डोळे मिटतायत. लिहीत राहायचं.

कॉलनी झोपलीय. एवढ्या शांततेत तिचा आवाज फार लांब जातो. आक्कांच्या घरापर्यंत. त्यापुढंही.

नाही. जाऊ दे लांब.

संघर्ष कुठं पोचला? फोन बाहेर राहिला.

जरा हळू गायला काय हरकत— नको. लिहू नये असलं. लिहिणार नाही.

पण लोक झोपलेत. लोक काय म्हणतील, अशीच ही—

मी हाक मारली तिला. आत्ता. गोड आवाजात. काहीतरी बोलले. काय बोलले?

गाणं थांबलं.

नको बाळा. शपथ. नको उघडू

असं ओरडायला हवं होतं. मी फक्त लिहिलं.

स्टूल सरकलं—

कडी निघाली. आली. आई बरी झाली असं वाटतंय तिला, हसतेय, केवढ्यानं हसतेय ही, खिडक्या सगळ्या उघड्या, कुणीतरी हिला जरा

कुणीतरी कशाला, मीच