अंजनवेलच्या चढणीवरचा मेणा

प्रिय राजश्री,

जे घडलंच नाही, ते माझ्या पणजोबांनी भर सभेत उभं राहून का सांगितलं? तीन आठवडे हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच रडले असते किंवा तुझ्याशी भांडले असते, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम तू मला मिळवून दिलंस, तेव्हा आमच्या घरी केवढं कौतुक झालं होतं. बाबांनी एसटी स्टँडवर सगळ्या कंडक्टरांना सांगितलं, पोरगी बी.ए. झाली आणि आता रावसाहेबांचं पुस्तक करतेय. आमच्याकडे रावसाहेबांचं नाव तुमच्याइतक्याच आदराने घेतात. तुझे पणजोबा इंग्रजांच्या नोकरीत मामलेदार होते, तेव्हा माझे पणजोबा रामा त्यांच्या दौऱ्यात कागदपत्रांची पेटी डोक्यावरून वाहायचे. वेठीला, म्हणजे मजुरीशिवाय; वर्षाचं भात तेवढं खोताकडून मिळायचं. अंजनवेलच्या चढणीवर एकदा रामा तापाने कोसळले. रावसाहेब मेण्यातून उतरले, त्यांना आत झोपवलं आणि मुक्कामापर्यंत स्वतः चालत गेले. पुढे त्यांनी नोकरी सोडली, सदतीस साली निवडून आले आणि वेठ बंद व्हावी म्हणून भांडले. ही गोष्ट तू अण्णा आजोबांकडून ऐकलीस आणि मी माझ्या आजीकडून. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कँटीनमध्ये आपल्या दोघींनाही ती माहीत आहे हे कळलं, तिथूनच आपली मैत्री झाली. तुझ्या प्रस्तावनेची सुरुवातही तीच आहे.

काम कसं चालतं ते तुला माहीत आहे. रावसाहेबांच्या डायऱ्या मोडीत. तुमच्या घरात आता कुणाला मोडी वाचता येत नाही, अण्णांना तर नव्वदीत काहीच दिसत नाही. मी दहा दिवसांच्या वर्गात शिकलेली, तरी त्या घरात मीच पंडित. रोज तीन वाजता कॉफी झाली की मी मोठ्याने वाचायचं, अण्णांनी "हं, पुढे" म्हटलं की पान उलटायचं. कंटाळा आला की ते माझी परीक्षा घ्यायचे. एकदा म्हणाले, "दीक्षा, तू वाचतेस ते वडिलांचंच आहे ना, की मनाने रचतेस? मला कळायचं नाही हो." आम्ही दोघंही हसलो होतो.

आणि मग सव्वीस सालचं ते पान आलं. जसंच्या तसं लिहिते: "रामा तापाने अंजनवेलच्या चढणीवर पडला. पेटी दुसरे दिवशी आली. कचेरीचे काम खोळंबले. त्याचे हक्काचे भात या साली देऊ नये, असे खोतास लिहिले." एवढंच. मेणा नाही, चालणं नाही. मी तीनदा वाचलं, मनात. अण्णा वाट बघत होते. मी मोठ्याने वाचलं, "हवा कुंद. मुक्काम अंजनवेल," आणि पान उलटलं. अण्णा म्हणाले, "आज पान लवकर संपलं." माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्या माणसाला मी खोटं वाचून दाखवलं, राजश्री. तुमचं घर वाचवायला की माझं, हेही मला तेव्हा कळत नव्हतं.

रिक्षाने घरी येईपर्यंत मला रावसाहेबांचा नुसता राग होता. राग सोपा असतो. चार दिवसांनी सदतीसची डायरी उघडली, मी एकटीच असताना. त्यात निवडणुकीच्या सभेबद्दल लिहिलं आहे: "रामा आपण होऊन उभा राहिला व मेण्याची हकीकत सांगू लागला. लोक गहिवरले. मी उठून नाही म्हणावयास हवे होते. उठलो नाही." म्हणजे गोष्ट रावसाहेबांनी रचलीच नव्हती. ती आमच्या घरातून निघाली.

मी आजीला विचारलं. आजी म्हणजे रामांची सून. ती म्हणाली, सासरे मेण्याची गोष्ट सांगायचे आणि सांगून झाली की उठून अंगणात जायचे. मग सुपातले तांदूळ निवडत सहज म्हणाली, सासू वेगळंच सांगायची. ज्या वर्षी ह्यांना मेण्यात बसवलं, त्याच वर्षी घरात भाताचा दाणा नव्हता, पोरांना रानातले करांद्याचे कडू कंद उकडून घातले. मी म्हटलं, आजी, या दोन गोष्टी तू कधी जोडून पाहिल्या नाहीस? ती म्हणाली, "मला काय ठावं, बाय. एक सासऱ्याची, एक सासूची. मी दोन्ही ऐकल्या." 

बाप रस्त्यात पडला हे पोरांना सांगायची रामांना लाज वाटली असेल? की भर सभेत साहेबाला असा चांगला करून ठेवला, की त्याला पुढे तसंच वागावं लागलं? हे दुसरं मला फार आवडतं, म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही. भीतीसुद्धा असेल. वेठीसाठी रावसाहेब खरंच भांडले, त्याचे कागद माझ्याकडे आहेत. मग त्यांना मी काय म्हणू?

गेल्या सोमवारी मी अण्णांसमोर बसले आणि आधी सांगितलं की त्या दिवशी मी खोटं वाचलं. मग दोन्ही पानं वाचली. त्यांनी सव्वीसचं पान पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, वडील आमदार असताना बोटीतून उतरले की बंदरावर स्वतःची बॅग कुणाला उचलू देत नसत, हमाल मागे लागले तरी नाही. "आम्ही त्याला साधेपणा समजत होतो." छापायचं की नाही, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाचता तुला येतं. ठरव तूच. पण राजीला कळव, प्रस्तावना तिची आहे."

म्हणून हे पत्र. पण कळवते आहे, विचारत नाही, याचा तुला राग येईल हे मला माहीत आहे. आज सकाळी मी खालच्या आळीतल्या छापखान्यात जाऊन दोन्ही पानांचे फोटो आणि देवनागरीतली नक्कल देऊन आले. ती तुझ्या प्रस्तावनेनंतर लगेच येतील. तुझ्या मजकुरातला एक शब्दही मी हलवलेला नाही. तुला बदलायचा असेल तर शुक्रवारपर्यंत ते थांबतील; नाही बदललास तरी चालेल, आपण दोघींनी तो खरा मानला होता, हेही खरंच आहे. पानांखाली मी एकच टीप दिली आहे: "रामा यांनी सभेत असे का सांगितले, हे ठाऊक नाही." आणि त्याखाली माझं नाव, आणि मी रामांच्या नातवाची मुलगी आहे, हेही.

तुझीच, अजूनही,
दीक्षा