हरिचंदमामा आणि थांबायची ओळ

डोंगरकडा, ता. कळमनुरी

आदरणीय प्रज्ञेशदादास,
आकांक्षाचा सविनय जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत. मोठ्या आईचे गुडघे होते तसेच आहेत, बाबांचा बीपी गोळीवर आहे, आणि तुझा बीपी हे पत्र संपेपर्यंत कुठं जाईल ते सांगता येत नाही. शिलावहिनी कशा आहेत? लेकराला दात आले का? फोन करायचा सोडून एवढं लांबलचक पत्र का, असं तू म्हणशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस (आणि त्या मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या होतात). म्हणून सगळं मेलवर लिहून पाठवते आहे.

विषय तुझ्या 'लाईनवार्ते'चा. शेतातल्या मोटारींची वीज, म्हणजे आपली लाईन, आली की गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज जावा म्हणून तू कॉलेजात असताना ते लिहिलंस, फार चांगलं केलंस. वाचनालयाच्या खोलीतल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ते अजून चालतं. तू ते सगळ्या जगाला फुकट खुलं करून ठेवलंस, तेही चांगलंच, आता ब्राझीलमधलं एक खेडंसुद्धा ते वापरतं. पण ते शेल स्क्रिप्टमध्ये लिहायची बुद्धी तुला कुणी दिली? शेल स्क्रिप्ट म्हणजे लग्नघरातला मोठा माणूस. स्वतः इकडची काडी तिकडे करणार नाही, नुसतं याला हाक मार, त्याला पाठव, तिसऱ्याला विचार. त्या हाका मारता मारता बिचाऱ्या कॉम्प्युटरला धाप लागते. म्हणून हे सगळं सी भाषेत नव्यानं लिहायचं मी मनावर घेतलं. आराखडा मंजूर झाला तर एका परदेशी संस्थेकडून सहा महिने इथं घरी बसून पगारी काम आहे. नाही झाला तर बाबा मला नांदेडला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घालणार आहेत. पिशवी भरून ठेवली आहे त्यांनी. निकाल सोमवारी.

आता हे खुलं सॉफ्टवेअर असल्यामुळे एक ओळ बदलायची तरी आधी चारचौघांत आराखडा मांडावा लागतो. कोणती स्क्रिप्ट आधी सी मध्ये न्यायची, ती काय करते, आणि का करते. यातल्या 'का'नं मला रडवलं. तू स्क्रिप्टना नावं दिलीस ती एकेका अक्षराची, आणि अक्षरं संपली तेव्हा तेच अक्षर दोनदा. (वहिनी तुझ्या कपाटाबद्दल बोलतात ते आता मला पटलं.) एवढ्या पसाऱ्यात तू माणसाला कळेल अशी एकच सूचना लिहून ठेवली आहेस, 'याला हात लावू नये', आणि ती नेमकी थांबायच्या ओळीवर. लाईन आली की तुझी स्क्रिप्ट पहिला मेसेज एकाच नंबरला पाठवते, मग पाऊण तास गप्प बसते, मग बाकीच्या गावाला कळवते. ब्राझीलचे जे गृहस्थ आराखडे तपासतात त्यांनी मला सरळ विचारलं की बाई, हे थांबणं सी मध्ये ठेवायचं की काढायचं, आणि ते होतं कशासाठी? मी काय सांगणार, कपाळ?

म्हणून मी पाणीगटाच्या बैठकीत गेले. गटाचे अध्यक्ष अजून हरिचंदमामाच आहेत, तुझ्या आजोळच्या नात्यातले. "काहून बदलून राहिलीस लेकरा? बराबर चालून राहिलं ना?" म्हणून त्यांनी मला बसवलं आणि कष्टावर भाषण दिलं. मामा म्हणे झोपेतसुद्धा लाईनची चाहूल घेतात, त्यांना अंगातच कळतं. शेजारच्या शेतातल्या रुक्माबाई म्हणाल्या, "आमाला मेसेज येतो तवर ह्यांची हळद भिजून होती. मंग समद्यायच्या मोटारी एकदम चालू झाल्या की खांबावरल्या डीपीचा फ्यूज जातो, आन् आमी बसतो बोंबलत." पण दोष कुणाला? स्वतःच्या मोबाईलला! रुक्माबाईंनी दोन वेळा मोबाईल बदलला. कुणी कंपनी बदलली. एका घरचा मोबाईल तर रेंज धरावी म्हणून चिंचेला टांगलेला असतो. सात-आठ वर्षं गाव मोबाईल बदलून राहिलं आणि कुणाला शंका म्हणून आली नाही.

घरी येऊन मी नंबरांची फाईल उघडली. (ती फक्त इथल्या कॉम्प्युटरवर आहे, जगाला दिसत नाही, हे नशीब.) पहिला नंबर हरिचंदमामांचा. मोठ्या आईला, म्हणजे तुझ्या आईलाच, विचारलं तर ती हसत सुटली. "मामाच्या संगितासाठी लई खटपट केली बाप्पा त्यानं," म्हणाली. दादा! अरे, लोक सासऱ्याला खूश करायला धोतर देतात, पेढे देतात. तू अख्ख्या गावाचं पाणी दिलंस! आणि मामानं संगिताला दिलं परभणीच्या नोकरदाराला. तू पुण्याला गेलास, शिलावहिनींशी लग्न केलंस, सगळं विसरलास. ओळ मात्र विसरली नाही. जावई न होता तू जावयाचं कर्तव्य आजतागायत बजावतो आहेस.

मला खरोखर संताप आला आहे. समतेवरचं भाषण मला शाळेत तूच लिहून दिलं होतंस, दुसरा नंबर आला होता माझा! वाट्याचं पाणी सगळ्यांना एका वेळी मिळालं पाहिजे, यात काही समजावून सांगण्यासारखं आहे का? तेव्हा रविवारच्या आत त्या ओळीचा खुलासा तू स्वतःच्या नावानं सगळ्यांसमोर लिही, आणि गटाच्या बैठकीत येऊन रुक्माबाईंची माफी माग. मी लिहिणार नाही. मामाच्या पोरीसाठी केलेली खटपट ब्राझीलच्या माणसाला इंग्रजीत कशी सांगतात ते मला येत नाही.

मोठ्या आईचे आशीर्वाद. लेकराला गोड पापा.

तुझी धाकटी बहीण,
आकांक्षा

ता. क. : शिलावहिनींना यातलं काही सांगू नको, असं लिहिणार होते. पण कारण कळलं त्या दिवशी कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं, आणि तुझी मीटिंग चालू होती. म्हणून त्यांनाच फोन केला. त्यांनी संगिताचं नाव नीट लिहून घेतलं.

आणखी ता. क. : वरचं सगळं काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळी आराखडा मंजूर झाला, दोन दिवस आधीच! ब्राझीलच्या गृहस्थांनी थांबण्याचं कारण स्वतःच शोधून काढलं. डीपीवर एकदम भार येऊ नये म्हणून आमच्याकडच्या जुन्या जाणत्यांनी केलेली ही योजना आहे म्हणे. त्यांनी फार कौतुक केलं. मी आभार मानले. ओळ सी मध्ये जशीच्या तशी न्यायची असं ठरलं आहे. तेव्हा दादा, तुला बाबासाहेबांची शपथ आहे, खुलासा लिहू नकोस, बैठकीला येऊ नकोस, मोठ्या आईलाही गप्प बसायला सांग. फाईलमधला पहिला नंबर बदलायला सी लागत नाही. बाबांनी पिशवी रिकामी केली आणि हळदीला पाणी द्यायला गेले आहेत. गावाच्या मोबाईलवर अजून लाईन आलेली नाही.